कमानीखाली फिरलेला शब्द

मित्रांनो, पुलावरून वाकून खाली पाहिलंत तर पाण्यातून तुमचाच चेहरा तुमच्याकडे बघतो. त्या चेहऱ्याखाली जो गप्प पडलेला असतो, तो मी. मी एक जुना कालवा आहे. हल्ली माझं पाणी नितळ आहे, काठावर नवी बाकं आहेत, आणि फिरायला येणारी माणसं म्हणतात, "काय छान झालाय हो!" हे ऐकून मला बरं वाटायला हवं. पण आत कुठेतरी टोचतं. माझ्याकडून एक गोष्ट घडली आहे, आणि ती सांगून टाकल्याशिवाय हे कौतुक माझ्या अंगी लागणार नाही.

नदी जन्माला येते. मला खणलं. शेकडो माणसं कुदळी-फावडी घेऊन चार वर्षं राबत होती. त्या काळी रस्ते धड नव्हते आणि कारखान्यांना कोळसा हवा होता, कापसाचे गठ्ठे हवे होते. म्हणून माणसांनी माझे काठ दगडांनी बांधले. तळाला चिकणमाती पसरली आणि पाणी मुरू नये म्हणून पायांनी तुडवतुडवून घट्ट बसवली. इतकी माणसं माझ्या छातीवर नाचली तेव्हा कुठे मी पाणी धरायला शिकलो.

वाटेत एके ठिकाणी जमीन एकदम खाली उतरते. तिथे माझ्यात एक दगडी हौद बांधला आणि त्याच्या दोन्ही टोकांना जाड लाकडी दरवाजे बसवले. बोट हौदात घ्यायची, दरवाजा लावायचा, आणि पाणी सोडलं की बोट हळूहळू उतरते, पाणी भरलं की चढते. लोक त्या जागेला 'पायरी' म्हणत. पायरीच्या खालच्या दरवाजाला लागूनच एक दगडी पूल होता. त्याची कमान बुटकी आणि लांब होती, बोगद्यासारखी. त्या कमानीकडे पाहून ज्याने त्याने तोंड भरून स्तुती केली. दगडाचा एकेक सांधा कसा बसलाय बघा, म्हणत. मीही फुशारलो होतो.

अक्षरं मला उशिरा आली. बोटींवर नावं रंगवलेली असत, ती माझ्यात उलटी पडत. कित्येक वर्षं मी उलटंच वाचत होतो. पण बोललेले शब्द मात्र मला पहिल्यापासून नीट कळत. निदान मला तसं वाटे.

पायरीवर एक दरवाजेवाला होता. उंच, हाडकुळा, आणि कधीही घाई न करणारा. कोणी गडबड केली की तो म्हणे, "सबूर, सबूर." त्यामुळे सगळे त्याला सबूरदादाच म्हणत. त्याची एक धाकटी बहीण होती. ती एका बोटवाल्याला दिली होती आणि नवऱ्याबरोबर बोटीवरच काम करायची. भाऊ तिला 'धाकटे' अशी हाक मारी, म्हणून पुढे सगळा काठच तिला धाकटी म्हणू लागला. तिच्याहून लहान असलेली पोरंसुद्धा!

त्यांची बोट आली की पायरीवर गंमत असे.

"काय दाजी," सबूरदादा वरून ओरडे, "बोट चालवताय की झोपेत वाहत आलात?"

"तुमच्या बहिणीला विचारा," बोटवाला मागच्या टोकावरून उत्तर देई. "माझ्या हातात नुसती काठी. कारभार सगळा तिकडे, पुढच्या टोकाला."

"दादा, यांना सांग," धाकटी म्हणे, "काठी हातात धरली की कधीकधी ती ढकलायचीही असते!"

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कापसाचे गठ्ठे बोटीवर माणसाच्या डोक्याहून उंच रचलेले असत. मागे काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुढचं काहीच दिसत नसे. तो कानांनी बोट चालवी. म्हणून पायरीवर फक्त दोन आरोळ्या चालत. "पुढे!" म्हटलं की काठी ढकलायची. "थांबा!" म्हटलं की रोवायची. तिसरा शब्द नाही. हा नियम सबूरदादानेच घालून दिला होता.

आणि तो त्यानेच मोडला.

थंडीची सकाळ होती. माझ्यावर धुकं होतं. बोटवाल्याची बोट कमानीखाली येऊन थांबली होती, तिचं नाक तेवढं कमानीबाहेर आलं होतं. सबूरदादाने खालचा दरवाजा उघडायला घेतला, पण फटीत एक ओंडका अडकला. धाकटी नेहमीप्रमाणे पुढच्या टोकावर होती. ती कोणाला न विचारता आकडी घेऊन खाली दगडी काठावर उतरली आणि ओंडका ओढू लागली. ओंडका हलेना. तिचा पाय घसरायला लागला. वर दरवाजाशी उभ्या असलेल्या भावाने ते पाहिलं. त्या क्षणी तो दरवाजेवाला राहिला नाही, नुसता भाऊ झाला. घरी ती हट्टाने जड हंडा उचलायला गेली की तो जे म्हणायचा, तेच त्याच्या तोंडून निघालं.

"पुरे!"

सोड ते, वर ये, असं त्याला पुढे म्हणायचं होतं. पण तो शब्द एव्हाना माझ्या पाण्यावरून सरकत कमानीखाली शिरला होता. तिथे ओल होती, ठिबकणारं पाणी होतं, आणि दगडाचे ते नेटके सांधे होते. कमानीने शब्द या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटला, घोळवला, आणि पलीकडच्या टोकाला बोटवाल्याच्या कानात नेऊन टाकला. तेव्हा त्यातला 'रे' जाऊन 'ढे' झाला होता.

बोटवाल्याने ऐकलं, "पुढे!" त्याने सगळा भार देऊन काठी ढकलली.

भाऊ "थांबा, थांबा" ओरडला. पण भरलेली बोट एकदा निघाली की लगेच थांबत नाही. बोटीचं नाक आणि माझा दगड यांच्यामध्ये धाकटीचा डावा पाय सापडला. ती किंचाळली. तो आवाज मात्र कमानीने जसाच्या तसा पोहोचवला.

ती वाचली. पाय कापावा लागला नाही, पण तो कायमचा वाकडा झाला. बोटीवरचं तिचं काम सुटलं. चौकशी झाली. बोटवाला म्हणाला, "पुढे म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं." सबूरदादा म्हणाला, "मी पुरे म्हणालो." तिसरं माणूस एकच होतं. कालव्याच्या कचेरीतले मोठे साहेब तिला विचारायला दवाखान्यात गेले. ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही." हे सगळं मी नंतर काठावरच्या बोलण्यातून ऐकलं. मला वाटलं, बिचारी ओंडक्याशी झटत होती, खरंच ऐकलं नसेल.

मला ठाऊक होतं. तो शब्द माझ्यात धड गेला आणि माझ्यातूनच मोडून बाहेर पडला. पण कालव्याला कोण विचारतं? आणि विचारलं असतं तरी मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? सबूरदादाला कामावरून काढलं. "सबूर म्हणणाऱ्यानेच घाई केली," असं लोक हसून म्हणत. त्याने माझ्या काठावरच, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आणि माझ्या बाजूच्या खिडकीला पत्रा ठोकून टाकला. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. दोन गल्ल्यांचं अंतर होतं. ते चौतीस वर्षांत कोणी चाललं नाही.

पुढे रस्ते झाले, मोठे ट्रक आले, आणि बोटी एकेक करून बंद पडल्या. कारखान्यांनी आपलं रंगाचं पाणी माझ्यात सोडलं. कोणत्या दिवशी कोणतं कापड निघतंय ते माझ्याकडे पाहून कळे, सोमवारी मी लाल आणि गुरुवारी निळा. मग कारखानेही बंद झाले. लोकांनी माझ्यात फाटक्या गाद्या टाकल्या, मोडक्या खुर्च्या टाकल्या, सायकली टाकल्या. माझ्यावर डास झाले. काठच्या खोल्यांमध्ये ताप पसरला. आया नाकाला पदर लावून पोरांना माझ्यापासून दूर ओढत. मला राग आला नाही. मनात यायचं, ठीकच आहे. ज्याने एका घराची दोन घरं केली, त्याच्यात कचराच पडायला हवा.

मग एक दिवस गुडघ्याएवढे रबरी बूट घातलेली माणसं आली. कालवा पुन्हा चालू करायचा, असं ठरलं होतं म्हणे. त्यांनी आधी माझं साचलेलं घाण पाणी उपसून टाकलं, मग माझ्यातून बावीस सायकली, एक शिलाई मशीन आणि एक अख्खा दरवाजा चौकटीसकट बाहेर काढला. त्यांच्यावर एक बाई मुकादम होती. तिशी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची, चुन्याने हात पांढरे झालेली. ती काठावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा माझं पाणी असतं तर थरथरलं असतं. ती धाकटीची मुलगी होती.

पायरीचं काम अडलं. जुने नकाशे सापडले होते. दरवाजा किती रुंद, किती जाड, ते त्यात होतं. पण तो नेमका कधी ढकलायचा, पाण्याचा कोणता आवाज आला की हात थांबवायचा, ते नव्हतं. ते जाणणारं एकच माणूस जिवंत होतं. मुकादमबाई सायकलच्या दुकानाचा जिना चढून गेली. पत्र्याच्या भोकांतून मला सगळं ऐकू येत होतं.

"कोण?"

"मी. धाकटीची मुलगी."

आत खाट करकरली. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. "बरी आहे ना ती?"

"बरी आहे. तुमचं नाव काढलं की भांडी आपटते. म्हणजे तब्येत उत्तम आहे."

"मग इथे कशाला आलीस?"

"दरवाजे शिकायला आले, मामा."

"मी चुकलेला माणूस आहे. माझ्याकडून काय शिकणार तू?"

"खरंच चुकलात का?"

"काय सांगू, पोरी," सबूरदादा म्हणाला. "सुरुवातीची काही वर्षं पक्कं वाटायचं, मी पुरेच म्हणालो. मग रोज घोकत गेलो. आता दोन्ही शब्द तोंडात सारखेच लागतात. म्हणालोही असेन पुढे. बास म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?"

मित्रांनो, त्या दिवशी मला रंगाचं पाणी आणि डास बरे वाटले. माझ्यामुळे त्याची नोकरी गेली, बहीण गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्याचा स्वतःवरचा भरवसाही गेला, हे ठाऊक नव्हतं.

तरी तिने त्याला सोडलं नाही. गवंड्याचं घमेलं पाण्याने भरून ती रोज वर न्यायची आणि दोन फळ्या आडव्या घालून त्याच्याकडून पायरी शिकायची. "सबूर," तो म्हणायचा, "पाणी आधी, हात नंतर." महिन्याभराने पत्रा निघाला. ज्या दिवशी माझ्यात पाणी सोडलं, त्या दिवशी तो काठी टेकत खाली आला आणि दरवाजापासून चार हात लांब उभा राहिला.

दगड लादलेली एक बोट कमानीखाली आणली होती. मागच्या टोकाला मुकादमबाई काठी घेऊन उभी होती. पुढे दगडांची रास होती, तिला दरवाजा दिसत नव्हता. दरवाजावर एक सुतार बिजागरीला तेल पाजत होता आणि त्याचा जोडीदार वरून तेल ओतत होता. तेल ओघळून सुताराच्या बाहीत गेलं.

"पुरे!" सुतार ओरडला.

कमानीखालून मुकादमबाईचा आवाज आला. "अहो, पुढे काय? दरवाजा तरी उघडा आधी! बोट काय फळीवर नेऊन आपटू?"

"पुढे कोण म्हणालं?" सुतार म्हणाला. "तेल पुरे म्हणालो मी. अंघोळ झाली माझी!"

जोडीदार हसला. मग त्याचं हसू थांबलं, कारण सबूरदादा होता तिथेच दगडावर मटकन बसला होता.

मुकादमबाई बोट सोडून धावत वर आली. मामाच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिला कळायला वेळ लागला नाही. तिने काम थांबवलं. अकरा माणसांना एकेक करून कमानीखाली उभं केलं आणि सुताराला कधी हा, कधी तो शब्द ओरडायला लावला. आठ जणांनी चुकीचं सांगितलं. शेवटी सबूरदादा स्वतः खाली उतरला. इतकी वर्षं तो दरवाजावर राबला होता, पण त्याची जागा कायम वर असायची. कमानीखाली तो कधीच उभा राहिला नव्हता. सुतार "पुरे" म्हणाला. सबूरदादाने आत "पुढे" ऐकलं. तो माझ्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. त्या हाताला मी काय सांगू शकत होतो? ओला दगड, एवढंच त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. मुलीने घरी सगळं सांगितलं होतं. बोटवाला दोन वर्षांपूर्वीच वारला होता. ती एकटीच, काठी टेकत, वाकडा पाय ओढत काठापर्यंत आली. मुलगी म्हणाली, "आई, ये, कमान दाखवते."

"कमान मला नको दाखवू," धाकटी म्हणाली. "मी कमानीखाली नव्हते. मी दरवाजाशी होते, दादाच्या पायाशी." मग ती भावाकडे वळली. "दादा, मी ऐकलं होतं. पुरे म्हणालास तू. स्वच्छ."

मित्रांनो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"साहेब दवाखान्यात आले तेव्हा हे उशाशी बसले होते," ती सांगू लागली. "माझं पांघरूण पुन्हापुन्हा सारखं करत होते. मी पुरे म्हणाले असते तर सगळं यांच्या काठीवर आलं असतं. म्हणून म्हणाले, ऐकू आलं नाही. वाटलं, पाय बरा झाला की खरं सांगेन. पाय बरा झाला नाही. मग लाज वाटायला लागली. जितके दिवस गेले तितकी जास्त."

"म्हणून भांडी आपटायचीस?" मुलीने हळूच विचारलं.

"गप गं." धाकटीने डोळे पुसले. "आणि दुसरं असं, की हे मरेपर्यंत सांगत राहिले, मी पुढेच ऐकलं म्हणून. मी मनात म्हणायची, खोटं बोलतोय हा माणूस. बत्तीस वर्षं मी यांना खोटारडा समजत जेवायला वाढलं, दादा. काल ही पोर येऊन सांगते की ते खरंच बोलत होते."

सबूरदादा उठला. काठाने चालत वरच्या दरवाजापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा खोलीवर जाईल आणि पत्रा पुन्हा ठोकेल. त्याला तो हक्क होता. धाकटीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने मुलीला "चल" म्हणून खूण केली.

तेवढ्यात तो परत आला. त्याचा चेहरा अजून कठीणच होता. ती काय करून बसली होती, हे तो विसरला नव्हता. तो तिच्या डाव्या पायाकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत त्याला तो पाहता आला नव्हता.

"कुठे दुखतो?" त्याने विचारलं.

"घोट्यात."

"थंडीत?"

"थंडीत नाही रे. जिना उतरताना."

"इथे दरवाजापर्यंत तीन पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "उजवीकडून उतर. तिकडे धरायला कठडा आहे." आणि ती उतरेपर्यंत तो खाली उभा राहिला.

आता पायरीवर हिरवं आणि लाल निशाण दाखवतात. आरोळ्या बंद झाल्या. कमान मात्र मुकादमबाईने पाडू दिली नाही, तिचे सांधे नव्याने भरले. कौतुक करणारे अजूनही खाली उभे राहून तिची स्तुती करतात. मी ऐकून घेतो. दगडाला कान नसतो आणि पाण्याला जीभ नसते, माझा काय इलाज होता, असं म्हणून मला सुटता येईल. पण तो पाय माझ्याच दगडाला लागून मोडला, हे काही बदलत नाही.

तर मित्रांनो, काठावर याल तेव्हा माझ्यात काही टाकू नका. माझा तळ माणसांनी पायांनी तुडवून बनवला आहे आणि दुसऱ्यांदा हातांनी साफ केला आहे, याची आठवण ठेवा. आणि एक मागणं आहे, ते माझ्यापेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे. कोणावर आळ आला आणि खरं काय ते तुम्ही ऐकलं असेल, तर त्याच दिवशी सांगा. पाय बरा होण्याची वाट पाहू नका.